स्टार्टअपसाठी गुंतवणूक मागताना: आकडेमोड आधी, डेक नंतर

बहुतेक नवउद्योजक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी डेक, म्हणजे गुंतवणूकदाराला दाखवायच्या स्लाइडांचा संच, सजतो. त्याच्या शेवटच्या स्लाइडवर 'दोन कोटी हवेत, व्हॅल्युएशन पंधरा कोटी' असं लिहिलं जातं, आणि हे आकडे आले कुठून असं कुणी विचारलं की संस्थापक एकमेकांकडे बघतात. खरा क्रम असा: एका ग्राहकामागे किती सुटतात, पुढचा टप्पा कोणता, तिथवर पोचायला किती पैसे लागतील आणि त्या पैशांच्या बदल्यात कंपनीचा किती हिस्सा देणं परवडेल. व्हॅल्युएशन म्हणजे कंपनीचं एकूण मूल्य या चौथ्या प्रश्नातून निघतं. ते आधी ठरवून बाकीचे आकडे त्याला जुळवायला गेलात, तर तासाभराच्या चर्चेत सगळं उघडं पडतं.

हे समजायला एक उदाहरण धरू. ते काल्पनिक आहे आणि आकडेही हिशोबाला सोपे घेतलेत. दूध संकलन केंद्रांवर बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाक्या, असतात आणि दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावं लागतं. रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही किंवा कॉम्प्रेसर बसला, तर सकाळी टँकर येईपर्यंत दूध हातचं गेलेलं असतं. आपली कंपनी कूलरला एक उपकरण बसवते. ते तापमान, वीजपुरवठा आणि दुधाची पातळी मोजतं आणि बिघाड झाला की केंद्रचालकाला आणि डेअरीच्या सुपरवायझरला फोन लावतं. उपकरण विकायचं नाही, भाड्याने द्यायचं: कूलरमागे महिना १,२०० रुपये, जीएसटी वेगळा. आज सांगली-कोल्हापूर भागातल्या तीन डेअऱ्यांचे मिळून ८० कूलर भाडं भरतायत.

एका कूलरचा हिशोब

सगळा आराखडा या हिशोबावर उभा राहतो, म्हणून इथे वेळ घालवा. भाड्याच्या १,२०० मधून सिम आणि सर्व्हरचे ९० रुपये जातात, दुरुस्तीच्या फेऱ्यांचे २५०, बुडीत भाडं आणि किरकोळ ६०. उरले ८००. दुरुस्तीचा आकडा लोक हमखास कमी धरतात. गावातलं व्होल्टेज वर-खाली होतं आणि बोर्ड जळतो, उंदीर वायर कुरतडतात, केंद्र धुताना पाणी आत जातं, नेटवर्क नाही म्हणून सिम बदलावं लागतं. प्रत्येक फेरीला पेट्रोल आणि माणसाचा अर्धा दिवस लागतो. गेल्या सहा महिन्यांतल्या खऱ्या फेऱ्या मोजा आणि त्यावरून सरासरी काढा.

आता एक कूलर जोडायला लागणारा खर्च. उपकरण ९,००० आणि बसवणी १,५०० मिळून १०,५००. शिवाय विक्री: प्रवासासह महिना ३५,००० खर्चाचा माणूस महिन्याला ७ कूलर मिळवत असेल, तर एका कूलरमागे ५,०००. एकूण १५,५०० रुपये आधी खिशातून जातात आणि महिन्याला ८०० परत येतात. वसुलीला साडेएकोणीस महिने लागले. हे फार झाले. ग्राहकाकडून एकदाच ४,००० रुपये बसवणी शुल्क घेतलं, तर गुंतलेली रक्कम ११,५०० वर येते आणि वसुली साडेचौदा महिन्यांवर. डेअरी हे शुल्क देते का, हे नव्या दहा केंद्रांवर प्रत्यक्ष मागून बघा. 'देतील असं वाटतं' याला या हिशोबात जागा नाही.

यातून एक अवघड गोष्ट दिसते: धंदा जितका जोरात वाढेल, तितकी रोकड जास्त आटेल, कारण प्रत्येक नवा कूलर आधी ११,५०० रुपये गिळतो. विकलेल्या मालावर नफा आहे, तरी महिनाअखेरीला पगाराला पैसे नाहीत, ही अवस्था इथूनच येते.

त्यात उधारी. डेअऱ्या दोन-दोन महिने बिल थकवतात. पण जीएसटी बिलाच्या तारखेवर लागतो; मासिक विवरण भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत तो भरायचाच असतो, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे १८ टक्के कर तुम्ही स्वतःच्या खिशातून पुढे भरता. लहान उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी पहिल्या दिवसापासून करून ठेवा आणि बिलावर क्रमांक छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. न दिल्यास व्याज लागतं आणि ती रक्कम चुकती होईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. याची आठवण डेअरीच्या अकाउंटंटला करून दिली की बिल थोडं लवकर हलतं.

बाजारपेठ खालून वर मोजायची. 'भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे २३.९ कोटी टन दूध झालं, त्याचा एक टक्का जरी धरला' हे वाक्य ऐकलं की अनुभवी गुंतवणूकदार मनातल्या मनात पान उलटतो. त्याऐवजी: अमुक जिल्ह्यातल्या अमुक डेअऱ्या, प्रत्येकीचे किती कूलर, त्यातले खासगी किती, सहकारी किती, निर्णय कोण घेतं. सहकारी संघात संचालक मंडळाची मंजुरी लागते, कधी निविदा निघते, निवडणूक जवळ आली की कागद तसाच पडून राहतो. खासगी डेअरीचा मालक एका बैठकीत ठरवतो, पण भाव पाडून मागतो. ही माहिती असलेली दोन पानी यादी कुठल्याही बाजारपेठ-अहवालापेक्षा वजनदार ठरते.

अठरा महिन्यांचा आराखडा

पैसे 'वाढीसाठी' मागू नका, टप्प्यासाठी मागा. टप्पा म्हणजे असा पुरावा, जो पाहून पुढच्या फेरीतला, म्हणजे पुढच्या वेळी पैसे उभे करताना भेटणारा, गुंतवणूकदार चेक लिहील. आपल्या उदाहरणात तो असा: १८ महिन्यांत ८० वरून ६८० कूलर, त्यातले किमान २०० एकाच मोठ्या संघाकडे, आणि वर्षभरात बंद होणारे कूलर शंभरात पाचाच्या आत. आता खर्च मांडू, लाखांत:

– ६०० नव्या कूलरांची उपकरणं आणि बसवणी, शुल्क वजा जाता: ३९
– विक्री, कूलरमागे ५,००० प्रमाणे: ३०
– तांत्रिक चमू, चार जण, सरासरी ७०,०००: ५०.४
– दोन संस्थापकांचं मानधन, प्रत्येकी ६०,०००: २१.६
– जागा, सीए, वकील, चाचण्या, प्रवास: १३.५
– शेवटच्या महिन्यात थकलेली दोन महिन्यांची बिलं, जीएसटीसह: १९.३

एकूण १७३.८ लाख. यातून भाड्याची शिल्लक वजा करा. जुने ८० कूलर १८ महिने चालून ११.५ लाख देतील. नवे ६०० सरासरी नऊच महिने भाडं देतील, कारण शेवटचा कूलर शेवटच्या महिन्यात बसणार, त्यांचे ४३.२ लाख. उरली गरज साधारण १.१९ कोटी. त्यावर पाव हिस्सा जादा धरला की दीड कोटी होतात.

हा पाव हिस्सा सोडू नका. विक्री ठरल्यापेक्षा उशिरा होते आणि खर्च मात्र वेळेवर होतो. शिवाय पुढची फेरी उभी करायला पहिल्या बैठकीपासून खात्यात पैसे येईपर्यंत चार-सहा महिने सहज जातात, आणि तो काळही याच पैशांत काढायचा असतो. संस्थापकांचं मानधन शून्य दाखवण्याची हौसही टाळा. घर कसं चालतं, हा प्रश्न समोरच्याला पडतोच. कुणीतरी मधेच नोकरी धरेल, ही त्याची भीती तुम्हाला महागात पडते.

एक्सेलमध्ये महिन्यागणिक अठरा रकाने करा आणि गृहीतकं वेगळ्या पानावर ठेवा: विक्रेत्यामागे कूलर, भाडं, उधारीचे दिवस, बंद होणाऱ्यांचं प्रमाण. समोरच्याने '७ च्या जागी ४ धरा' म्हटलं, तर तिथल्या तिथे एक आकडा बदलून निकाल दाखवता आला पाहिजे. वाईट महिन्यात खात्यातली शिल्लक शून्याखाली जाते का, आणि कुठल्या महिन्यात, हे तुम्हाला तोंडपाठ हवं.

मूल्य किती?

सुरुवातीच्या फेरीत साधारण १५ ते २० टक्के हिस्सा जाणं रास्त मानलं जातं. पंचविसाच्या वर गेलं की पुढच्या दोन फेऱ्यांनंतर संस्थापकांच्या हाती फारसं उरत नाही, आणि हे पुढच्या गुंतवणूकदारालाही आवडत नाही. दीड कोटींना २० टक्के दिले, तर पैसे आल्यानंतरचं मूल्य म्हणजे पोस्ट-मनी साडेसात कोटी आणि आधीचं, प्री-मनी, सहा कोटी. १५ टक्के दिले तर दहा आणि साडेआठ. बोलताना प्री की पोस्ट हे दर वेळी स्पष्ट म्हणा. 'सहा कोटी' एवढंच बोलून उठलेल्या दोन माणसांच्या डोक्यात दोन वेगळे सौदे असतात.

हा झाला आपल्या बाजूचा आकडा. आता टेबलाच्या पलीकडे जाऊन बसा. समजा सहा वर्षांत चार राज्यांत मिळून १५,००० कूलर जोडले. वर्षाला प्रत्येकी १४,४०० म्हणजे २१.६ कोटी उत्पन्न. अशी कंपनी उत्पन्नाच्या चौपट भावाने विकली गेली तर ८६.४ कोटी. मधल्या फेऱ्यांत आजच्या गुंतवणूकदाराचा हिस्सा विरळ होऊन साठ टक्के उरेल असं धरा, आणि एवढ्या जोखमीवर त्याला सहा वर्षांत दसपट परतावा हवा. ८६.४ × ०.६ ÷ १० = ५.१८ कोटी. त्याच्या हिशोबाने आजचं पोस्ट-मनी सव्वापाच कोटींच्याही आत आहे. दसपट ऐकून ती हाव वाटते, पण ते वर्षाला सुमारे ४७ टक्के होतात. आणि त्याच्या दहा कंपन्यांतल्या बऱ्याचशा मुद्दलही परत करत नाहीत, त्यांची भरपाई याच एकीतून व्हायची असते.

पाच कोटी वीस लाखांच्या पोस्ट-मनीवर दीड कोटी घेतले, तर २९ टक्के हिस्सा जातो. इथे बरेच जण भविष्यातल्या कूलरांचा आकडा फुगवून गणित बसवतात. त्याऐवजी मागणी तपासा. दीड कोटींतले ३९ लाख उपकरणांचे आहेत. भाडं देणारी, मोजता येणारी, परत काढून दुसरीकडे बसवता येणारी वस्तू विकत घ्यायला कंपनीचा हिस्सा विकणं हा सगळ्यात महागडा मार्ग. त्यासाठी लीज किंवा बँकेचं कर्ज बघा. लहान उद्योगांना सीजीटीएमएसई या कर्जहमी देणाऱ्या सरकारी न्यासाच्या हमीवर तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. हप्ता सुरू झाला की तो अठरा महिन्यांच्या तक्त्यात उतरवा, नाहीतर फसाल. आता इक्विटीची, म्हणजे हिस्सा विकून उभ्या करायच्या पैशांची, गरज १.१ कोटी. पोस्ट-मनी ५.२ कोटी, प्री-मनी ४.१ कोटी, हिस्सा साधारण २१ टक्के. किंचित जास्त, पण दोन्ही बाजूंनी टिकणारं.

आणि याच हिशोबातून एक कटू निष्कर्षही निघू शकतो. सगळं उत्तम चाललं तरी कंपनी शंभर कोटींच्या आत राहणार असेल, तर ती मोठ्या व्हेंचर फंडाच्या, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या संस्थेच्या, कामाची नाही. त्यात कमीपणा काही नाही. अशी कंपनी संस्थापकांना श्रीमंत करू शकते. फक्त पैसे एंजल गुंतवणूकदार (स्वतःचे पैसे घालणाऱ्या व्यक्ती), कर्ज आणि स्वतःच्या नफ्यातून उभे करायचे, आणि फंडांच्या दारात वर्ष घालवायचं नाही.

बाकी पद्धती थोडक्यात. उत्पन्नच नसेल तेव्हा अमेरिकेतल्या डेव्ह बर्कस यांची पद्धत वापरतात: कल्पना, नमुना, चमू, धोरणात्मक संबंध, विक्रीची सुरुवात या पाच गोष्टींना प्रत्येकी ठरावीक कमाल रक्कम लावायची. मूळ पद्धतीतले डॉलरचे आकडे रुपयांत बदलून वापरू नका, इथले सौदे तेवढ्याचे नसतात. स्कोअरकार्ड पद्धतीत तुमच्या भागात, तुमच्या टप्प्यावरच्या कंपन्यांचं सरासरी मूल्य घेऊन ते चमू, बाजार, उत्पादन अशा वजनांनी वर-खाली करतात. यात चमूला सगळ्यात जास्त वजन, ३० टक्के. भविष्यातल्या रोकडीचं आजचं मूल्य काढणारी डीसीएफ पद्धत ८० कूलरांच्या कंपनीला लावणं म्हणजे बारशालाच मुलाचा पगार ठरवणं. तरी ती कागदोपत्री भेटतेच, कारण भारतात नवे शेअर बाहेरच्या माणसाला देताना कंपनी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल लागतो आणि गुंतवणूकदार परदेशी असेल तर फेमा या परकीय चलन कायद्याचे किमतीचे नियमही. हा अहवाल कायद्याची गरज भागवतो. वाटाघाटीत तो पुढे करून 'बघा, अहवालात बारा कोटी आलेत' म्हणू नका. रास्त मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर दिल्यास लागणारा २०१२ सालचा एंजल टॅक्स जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला, त्यामुळे त्या धास्तीने मूल्य दाबून ठेवायचं कारण आता उरलेलं नाही.

मूल्यावर एकमत होत नसेल, तर ते पुढच्या फेरीवर ढकलता येतं. कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज, फक्त डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या उद्योग विभागाची मान्यता असलेल्या स्टार्टअपला काढता येते, एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख घ्यावे लागतात आणि दहा वर्षांच्या आत तिचं शेअरमध्ये रूपांतर किंवा परतफेड व्हावी लागते. मुंबईच्या १००एक्स.व्हीसीने २०१९ मध्ये आणलेला आयसेफ हा दुसरा मार्ग. तो कायद्याच्या दृष्टीने प्रेफरन्स शेअर आहे, ज्याचं पुढे साध्या शेअरमध्ये सक्तीने रूपांतर होतं. दोन्हींत कमाल मूल्याची अट म्हणजे कॅप असते. घोटाळा होतो तो वेगवेगळ्या कॅपच्या चार-पाच नोटा साठल्यावर. त्या सगळ्या एकाच दिवशी शेअर होतात, आणि आपला हिस्सा किती उरला हे संस्थापकांना तेव्हा कळतं. प्रत्येक नोट घेताना कॅप टेबल, म्हणजे कुणाचा किती हिस्सा याचा तक्ता, पुढच्या फेरीपर्यंत मांडून बघा.

डेक आणि बैठक

दोन डेक करा. एक ईमेलने पाठवायचा, जो तुमच्याशिवाय वाचून कळला पाहिजे. दुसरा बोलताना दाखवायचा, ज्यात मजकूर कमी. दोन्ही दहा-बारा स्लाइडांचे, पाठवायचा तो पीडीएफमध्ये. गोपनीयतेचा करार आधी मागू नका, या टप्प्यावर गुंतवणूकदार सही करत नाहीत. सर्किट किंवा कोड डेकमध्ये टाकायचाच नाही.

अडचणीची स्लाइड रुपयांत लिहा. हजार लिटरचा कूलर एका रात्रीत नासला, लिटरला ३५ रुपये धरले, तर ३५,००० गेले. आपलं दोन वर्षांचं भाडं २८,८०० होतं. एवढ्या दोन ओळी पुरतात. त्यावर शेतकऱ्याचा उदास फोटो लावायची गरज नाही.

त्यानंतर लगेच पुरावा: दर महिन्याला भाडं देणारे कूलर किती, त्याचा आलेख, आणि किती बंद झाले. फुकटात चाचणीला दिलेली उपकरणं वेगळी दाखवा. 'सामंजस्य करार झालेले १,२००' हे उत्पन्नाशेजारी ठेवू नका. सही झालेला कागद आणि भरलेलं बिल यांतलं अंतर समोरच्याला ठाऊक असतं.

स्पर्धा नाही असं लिहिलं की विश्वास तिथेच उडतो. आपला पहिला स्पर्धक म्हणजे केंद्रावर वहीत तापमान लिहिणारा माणूस, कारण तो आधीच पगारावर आहे. दुसरा कूलर बनवणारी कंपनी, जी उद्या हेच उपकरण कारखान्यातच बसवून देईल. या दुसऱ्याचं उत्तर तयार हवं: आपण सगळ्या बनावटीच्या जुन्या कूलरांना जोडतो, आणि एका संघाकडे पाच बनावटीचे कूलर असले तरी सुपरवायझरला एकच पडदा दिसतो. हे उत्तर पुरेसं आहे का? अर्धवट आहे, आणि अर्धवट आहे हे मान्य करून पुढचा विचार सांगणारा संस्थापक जास्त पटतो.

मागणीच्या स्लाइडवर चार गोष्टी: किती पैसे, कशावर, किती महिने, आणि शेवटी कुठे पोचणार. व्हॅल्युएशन छापू नका. पहिल्याच बैठकीत विचारलं, तर पट्टा सांगा, 'प्री-मनी चार ते साडेचार कोटी', आणि हिशोब तयार ठेवा.

प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. सगळ्यात मोठी डेअरी सोडून गेली तर? विक्री संस्थापक स्वतः करतात की नेमलेली माणसंही करू शकतात? संस्थापकांच्या शेअरवर व्हेस्टिंग, म्हणजे काम करत राहिल्यावरच ते टप्प्याटप्प्याने हक्काचे होण्याची अट, आहे का? या शेवटच्याचं उत्तर 'हो' असावं: चार वर्षांत मिळणारे, पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच नाही. कॉलेजातला मित्र सहा महिन्यांत नोकरीला लागला आणि त्याच्या नावावर तीस टक्के तसेच पडून आहेत, अशा कॅप टेबलमध्ये कोणी पैसे घालत नाही. ते आधी सोडवा, मगच बाहेर पडा.

कोणाकडे जायचं? नमुना अजून तयार व्हायचा असेल तर इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणारी केंद्रं: आयआयटी मुंबईचं साइन, पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि सीओईपीतली भाऊ इन्स्टिट्यूट, गोव्यात फातोर्ड्याला डॉन बॉस्कोचं फायर. ग्राहक पैसे देऊ लागले असतील तर मुंबई एंजल्स, इंडियन एंजल नेटवर्क यांसारखे गट. आणि जिल्ह्यातले उद्योजक. फाउंड्री किंवा यंत्रसामग्रीत आयुष्य गेलेला माणूस तुमचं उपकरण हातात घेऊन जे सांगेल, ते फंडातला विश्लेषक सांगणार नाही. मात्र त्याला ५१ टक्के किंवा महिन्याला व्याज हवं असं वाटण्याचा संभव असतो. इक्विटीत परतावा विक्रीच्या वेळी मिळतो, तोवर लाभांशही नसतो, हे पहिल्याच चहाला सांगून टाका. मित्रांकडून 'कर्ज' म्हणून रक्कम कंपनीच्या खात्यात घेणं तर टाळाच. संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांच्याखेरीज कुणा व्यक्तीकडून घेतलेलं कर्ज ठेव ठरतं, आणि खासगी कंपनीला ते महागात जातं.

'बघतो, कळवतो' याचा अर्थ आत्ता नाही. त्यांना दर महिन्याला अर्ध्या पानाची खबर पाठवत राहा: कूलर किती, शिल्लक किती, काय बिघडलं. तीन महिने सलग आकडे वर गेलेले दिसले की काही जण स्वतःहून फोन करतात.

टर्म शीट आणि पैसे येण्याआधीचे कागद

टर्म शीट म्हणजे सौद्याच्या मुख्य अटींचा कागद; त्यात मूल्याखेरीजच्या ओळी जास्त लक्षपूर्वक वाचा. पहिली: ईसॉप पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले शेअर. 'दहा टक्के पूल प्री-मनीमध्ये' असं असेल तर तो पूर्ण संस्थापकांच्या वाट्यातून जातो. आपल्या उदाहरणात संस्थापक ७९ ऐवजी ६९ टक्क्यांवर येतात आणि ४.१ कोटींचं प्री-मनी प्रत्यक्षात ३.५८ कोटींचं होतं. पुढच्या अठरा महिन्यांत कोणाला किती शेअर द्यायचेत याची नावानिशी नव्हे तरी पदनिहाय यादी दाखवा. बहुधा सहा टक्क्यांत भागतं.

दुसरी: लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली तर आधी कुणाला किती मिळणार ही अट. कंपनी तीन कोटींनाच विकावी लागली असं समजा. 'एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग' असेल तर गुंतवणूकदार स्वतःचे १.१ कोटी घेतो, बाकी १.९ कोटी इतरांचे. 'पार्टिसिपेटिंग' असेल तर तो १.१ कोटी घेऊन उरलेल्यातही २१ टक्के घेतो, म्हणजे दीड कोटी, निम्मी रक्कम. एका शब्दाची ही किंमत आहे. तिसरी: पुढची फेरी कमी भावात झाली तर मिळणारं संरक्षण. सरासरी-भारित पद्धत चालते, पूर्ण रॅचेट (गुंतवणूकदाराचा जुना भाव थेट नव्या कमी भावावर आणणारी अट) नको. कोणत्या निर्णयांना गुंतवणूकदाराची संमती लागेल ती यादीही वाचा. रोजच्या खरेदीला परवानगी लागत असेल तर काम अडेल. हे सगळं स्टार्टअपचे करार केलेल्या वकिलाकडून तपासून घ्या, जमिनीचे दस्त करणाऱ्याकडून नको.

मग पडताळणी. नोंदणी प्रमाणपत्र, घटनापत्रं, सभासद नोंदवही, बारा महिन्यांची बँक विवरणं, जीएसटी विवरणं, डेअऱ्यांशी झालेले करार, कर्मचाऱ्यांचे करार, आणि उपकरणाचं डिझाइन व कोड कंपनीच्या मालकीचा असल्याचा संस्थापकांचा लेखी करार, हे एका फोल्डरमध्ये आधीच लावून ठेवा. सौदे सगळ्यात जास्त कशावर अडतात, तर डेकमधलं उत्पन्न, जीएसटीआर-१ या विक्रीच्या जीएसटी विवरणातलं उत्पन्न आणि बँकेत आलेली रक्कम जुळत नाही यावर. अनामत, जीएसटी किंवा आगाऊ रक्कम उत्पन्नात धरल्याने असं होतं. त्यात फसवणूक नसते, पण दिसते तशीच. त्याखालोखाल अडचण सुरुवातीला बाहेरच्या मुलाकडून करून घेतलेल्या कोडची: पैसे दिले, पण हक्क लिहून घेतले नाहीत.

पैसे घ्यायची रीत ठरलेली आहे. अधिकृत भांडवल पुरेसं आहे का बघा, मूल्यनिर्धारकाचा अहवाल घ्या, भागधारकांचा विशेष ठराव करून त्याचा एमजीटी-१४ फॉर्म भरा, पीएएस-४ हे प्रस्ताव पत्र नावानिशी द्या. रक्कम स्वतंत्र बँक खात्यात, गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच यायला हवी. रोख चालत नाही. आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप झालं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत परत करावी लागते, तेव्हाही न केल्यास साठावा दिवस संपल्यापासून १२ टक्के व्याज. वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा वाटपाचा फॉर्म भरायचा, आणि तो भरेपर्यंत या पैशाला हात लावता येत नाही. पगाराची तारीख डोळ्यांसमोर ठेवून हे दिवस मोजा. वाटपावर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. गुंतवणूकदार परदेशी असेल, किंवा अनिवासी भारतीय असून पैसे पुन्हा देशाबाहेर नेण्याच्या तत्त्वावर गुंतवत असेल, तर वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा फॉर्म भरावा लागतो. दुबई किंवा न्यू जर्सीतल्या नातेवाइकाने पैसे पाठवले आणि ते कुठल्या खात्यातून आले हे कुणी पाहिलंच नाही, असं झालं की पुढच्या फेरीच्या पडताळणीत ती फाइल पुन्हा उघडते. म्हणून पैसे पाठवायच्या आधीच त्यांच्याकडून खात्याचा प्रकार लेखी विचारून घ्या आणि रक्कम जमा झाल्या दिवशी बँकेकडे आवक दाखला आणि केवायसी अहवाल मागा.